बादल्यांची खंडेनवमी

अग्नी हा माणसाचा पहिला गुरू आणि पहिलं दैवत. जिथे जिथे संस्कृती उभी राहिली, तिथे तिथे आधी चूल पेटली आणि मग माणूस शहाणा झाला. असं मी लहान असल्यापासून बऱ्याच पुस्तकांत वाचलं होतं आणि ते मला पटलंही होतं. पुढे लग्न होऊन मी नगरहून कर्जतला एका सुताराच्या घरात आले, तेव्हा कळलं की या दैवताला आमच्या उंबऱ्याबाहेरच एका फुटक्या पाट्यावर विझावं लागतं. त्याशिवाय आत प्रवेश नाही.

तो पाटा माझ्या सासूबाईंनी तिथे ठेवला होता. मी त्यांना आत्याबाई म्हणत असे. एके काळी त्याच्यावर वाटण होत असे. फुटल्यावर त्याला ही दुसरी नोकरी मिळाली. नांगराचं रुमणं बसवायला आलेला शेतकरी असो की पाहुणा, तोंडातली विडी त्या पाट्यावर चिरडल्याशिवाय त्याला पडवीत पाऊल टाकता येत नसे. कुणी विसरलाच, तर आतून आवाज येई, "दादा, धूर भाईर. मानूस आत."

पडवी म्हणजेच माझ्या सासऱ्यांचा, मामंजींचा, कारखाना. तिथे ते काम करत, तिथेच लाकडाच्या थप्प्या रचलेल्या असत आणि त्या थप्प्यांच्या मागच्या भिंतीपलीकडे आमचं स्वयंपाकघर होतं. म्हणजे एका बाजूला सागवान आणि दुसऱ्या बाजूला चूल. मध्ये एक मातीची भिंत आणि आत्याबाई. यांतली कच्ची होती ती भिंत.

आत्याबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण त्यांच्या डोक्यात आगीविषयी एक पूर्ण कायदा होता आणि त्याला पळवाटा नव्हत्या. दिवसभराचा भुसा आणि ढलप्या तिन्हीसांजेच्या आत पडवीतून उचलून परसात न्यायच्या. लाकूड चिकटवायचा सरस तापवायचा तो परसातच, मोरीशेजारी. पडवीत दिवा लावायचा तो कंदिलाच्या काचेआड, मग तो देवापुढचा का असेना. ऊद, धूप, उदबत्ती पडवीत अजिबात नाही. "देवाला धुपाचा वास आवडतो, लाकडाला बी आवडतो," असं त्या म्हणत.

लाकडाची थप्पी आणि मागची भिंत यांच्यात एक बोळ मोकळा ठेवावा लागे, म्हणजे काही झालं तर मागे जाता येईल. या बोळाचं माप मामंजींच्या गजावर नव्हतं. आत्याबाई अंग न चोरता, सरळ चालत त्यातून पलीकडे गेल्या की बोळ मंजूर. आत्याबाई अंगाने चांगल्या भरलेल्या होत्या, त्यामुळे बोळही प्रशस्त असे आणि मामंजींची तेवढी जागा वाया जाई.

"काटकुळी बायको केली आस्ती तर आनखी एक थप्पी बसली आस्ती हितं," मामंजी म्हणत.

"मग करायची हुती."

"मला कोन इचारतंय? बापानं बघितली, आमी हार घातला."

हा संवाद दर वेळी नवीन माल आला की होई. दोघांनाही तो पाठ होता आणि दोघेही तो चुकू देत नसत.

सगळ्यांत कडक नियम मात्र चिंध्यांचा होता. लाकडाला आणि हत्यारांच्या दांड्यांना मामंजी जवसाचं तेल चोळत. तेलाने भिजलेली चिंधी कामानंतर कुठे कोपऱ्यात फेकायची नाही. नेऊन परसातल्या बाभळीच्या कुंपणावर एकेक, सुटी, पसरून टाकायची. दोन चिंध्या एकमेकींवर दिसल्या तरी आत्याबाई कामातून उठून येत.

"एकत्र का नाही ठेवायच्या?" मी नवीन असताना विचारलं होतं.

"जावा-जावांवानी असत्यात त्या. सुट्या ऱ्हायल्या तर ग्वाड. एका खोलीत कोंडल्या की आपापल्याच तापत्यात आन् पेट घेत्यात. माझ्या म्हायेरी एकदा छप्पर खाल्लं त्यांनी."

मला जावा नव्हत्या, त्यामुळे पडताळून पाहता आलं नाही. जवसाची चटणी मी रोज खात होते आणि ती कधी तापली नव्हती. पण सासरी पहिल्या वर्षात शंका मनातच ठेवायच्या असतात, म्हणून मीही चिंध्या वाळत घालू लागले. नगरहून आणलेली माझी पुस्तकंही या कायद्यातून सुटली नाहीत. त्यांची पेटी चुलीच्या भिंतीला टेकून ठेवली होती, ती आत्याबाईंनी पहिल्याच आठवड्यात उचलून दुसऱ्या भिंतीला नेली. "बुक म्हंजे तरी काय? लाकूडच की. पातळ केलेलं." पुस्तकांची इतकी नेमकी समीक्षा मी नंतर फारशी वाचली नाही.

मग ते दुष्काळाचं वर्ष आलं. पाऊस आलाच नाही, असं म्हटलं की लोकांना आता ते हवामानाचं वाक्य वाटतं. आमच्याकडे त्याचा अर्थ असा होता की नांगर कुणाला नको, बैलगाडीचं चाक कुणाला नको, आणि कामाच्या बदल्यात जे धान्य घरी येई ते शेतातच नव्हतं तर येणार कुठून? रेशनवर लाल ज्वारी मिळे, तिची भाकरी थापताना तुटे. गावातली धडधाकट माणसं सरकारी कामावर रस्त्याची खडी फोडायला जात होती. आमचे हे एसटीत कंडक्टर, त्यांची नेमणूक दूरच्या आगारात. ते घरी असण्यापेक्षा नसायचेच. घरात आम्ही तिघंच. मामंजींच्या हाताला काम नव्हतं आणि खडी फोडायचं त्यांचं वय नव्हतं. ते रोज सकाळी पडवीत बसत, रंध्याचं पातं काढून दगडावर घासत आणि पुन्हा बसवत. धार इतकी लागली होती की तिला कापायला काहीतरी हवं होतं.

अशात शाळेचं काम आलं. गावात शाळेची नवी इमारत झाली होती आणि तिला बाकं हवी होती. शाळा समितीने सागवान थेट विदर्भातून मागवलं. एक ट्रकभर फळ्या आमच्या पडवीत उतरल्या आणि बोळाचा संवाद त्या वर्षी पहिल्यांदाच पार पडला. मामंजींनी एक बाक नमुन्याला करून दाखवलं. सगळं सुरळीत होतं, तेवढ्यात समितीच्या अध्यक्षांना आग आठवली.

अध्यक्षसाहेब हे गावातले प्रतिष्ठित गृहस्थ. पांढरंशुभ्र धोतर, काळा कोट, आणि कुठल्याही वाक्याची सुरुवात 'आजच्या या प्रसंगी' अशी करायची सवय. प्रसंग असो वा नसो. ते दोन सदस्यांना घेऊन पाहणीला आले तेव्हा त्यांच्या बोटांत सिगारेट होती आणि विषय अग्निसुरक्षा हा होता.

"आजच्या या प्रसंगी मला चिंता वाटते ती याची," ते उंबऱ्यावर पाय ठेवत म्हणाले, "की हा शाळेचा माल आहे, जनतेचा आहे, आणि तो एका राहत्या घरात..."

"सायेब, ती तेवढी त्या पाट्यावर ठिवा," आत्याबाई आतून म्हणाल्या.

"बाई, ही विडी नव्हे. सिगारेट आहे."

"आसंल. पन लाकडाला कुटं कळतंय?"

अध्यक्षांनी ती विझवली. चिरडताना त्यांच्या चेहऱ्यावर पदत्याग करणाऱ्या माणसाचे भाव होते. मग मात्र ते अर्धा तास बोलले. त्याचं सार असं, की पडवीत लाल रंगाच्या, वाळूने भरलेल्या चार बादल्या टांगलेल्या हव्यात, शेजारी फावडं हवं. दसऱ्याच्या सुमारास ते पुन्हा येऊन पाहतील. व्यवस्था समाधानकारक नसेल, तर सगळा माल नगरच्या एका कंत्राटदाराकडे हलवण्यात येईल आणि बाकंही तिकडेच होतील.

ते गेल्यावर मामंजींनी नमुन्याच्या बाकावरून एकदा हात फिरवला आणि पुन्हा रंध्याचं पातं काढून घासायला घेतलं. फळ्या गेल्या तर त्या वर्षात दुसरं काम नव्हतं, हे तिघांनाही माहीत होतं.

बादल्या मात्र झाल्या. नदीत पाणी नव्हतं, पण वाळू हवी तेवढी होती. दुष्काळात एवढी एकच गोष्ट मुबलक असते. मामंजींनी बादल्यांना लाल रंग दिला, प्रत्येकीवर पांढऱ्या अक्षरात 'आग' असं लिहिलं आणि आत वाळू भरली. आत्याबाईंनी त्या एकदा उचलून पाहिल्या. "बऱ्या हायेत," म्हणाल्या. त्यांच्या तोंडून आगीच्या बाबतीत ही मोठीच पसंती होती. बादल्या दाराशेजारी खुंट्यांना टांगल्या गेल्या, हाताला येतील अशा.

आणि मग खंडेनवमी आली.

या दिवशी हत्यारांची पूजा होते आणि हत्यारांना विसावा असतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण सुताराच्या घरी या विसाव्याला किती किंमत असते ते बाहेरून कळत नाही. वाकस, पटाश्या, करवती, रंधे, गिरमिट, सगळं तेल लावून पाटावर मांडायचं, कुंकू लावायचं, फुलं वाहायची, आणि दसऱ्याला देव उठेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. एरवी फार सोवळं न पाळणारे मामंजी या एका दिवशी पेन्सिलीलाही शिवत नसत. वर्षभर ज्यांना आपण ठोकतो, त्यांच्यापुढे एक दिवस हात जोडून बसायचं, हे त्यांना मनापासून पटलं होतं. मलाही पटत होतं. बऱ्याच कार्यालयांत ही प्रथा सुरू व्हायला हवी.

त्या वर्षी मामंजींनी खुंट्यांवरच्या चारही बादल्या आणि फावडं काढलं आणि पूजेत नेऊन मांडलं.

आत्याबाई सारवण करत होत्या. त्या हात तसेच घेऊन उठल्या. "बादल्या कशापायी काढल्या?"

"हत्यारंच न्हवं का ती? घरात आली तवाच हत्यारं झाली."

"ती खुटीवरच ऱ्हाऊ द्या. तितंच लावा कुकू."

"अगं, एक दिस इसावा त्यांना बी."

"आग घेती का इसावा?"

देव मामंजींच्या बाजूला होता, त्यामुळे त्यांना उत्तराची गरज नव्हती. आत्याबाई पुरणाला उशीर होतो म्हणून आत गेल्या.

फुलांचीही त्या वर्षी टंचाई होती. झेंडू कुणाच्या रानात नव्हता. नगरहून आलेल्या एसटीतून कुणीतरी थोडा आणला, त्यातला वाट्याला आला तो ओंजळभर. प्रत्येक हत्याराला वेगळी माळ होईना. मग मामंजींनी युक्ती केली. एकच लांब सुतळी घेतली, तिच्यात हातभर अंतरावर एकेक फूल अडकवलं, आणि ती सुतळी पहिल्या बादलीच्या कडीतून, तिथून दुसरीच्या, तिसरीच्या, चौथीच्या, मग वाकसाच्या दांड्याला वळसा, करवतीच्या मुठीतून, रंध्यांवरून, अशी शेवटच्या पटाशीपर्यंत ओवली आणि दोन्ही टोकांना गाठ मारली. दिसत होतं सुरेख. कुणालाही वगळलेलं नव्हतं.

याच सकाळी त्यांनी आणखी एक काम केलं, जे तेव्हा कुणी पाहिलं नाही. हत्यारांना आणि बाकाला तेल चोळून झाल्यावर परसातल्या कुंपणावर नेहमीपेक्षा दुप्पट चिंध्या झाल्या होत्या. सणाचा दिवस, त्यात अध्यक्ष कधीही येतील. आल्यावर परसात ही फाटकी पताकांची रांग दिसणं त्यांना बरं वाटेना. म्हणून त्यांनी सगळ्या चिंध्या गोळा करून एका घमेल्यात दाबल्या, वर जुनं धोतर झाकलं आणि घमेलं पूजेच्या मागे, बोळाच्या तोंडाशी, दिसणार नाही असं सरकवलं.

अध्यक्ष त्याच दिवशी दुपारी आले. दसऱ्याच्या दिवशी त्यांचे इतके सत्कार होते की आमच्यासाठी वेळ नव्हता. बरोबर तेच दोन सदस्य होते. पाट्याजवळ अध्यक्ष स्वतःहून थांबले, सिगारेट नसल्याचं दोन्ही हात पसरून दाखवलं आणि आत आले. मामंजींनी नमस्कार केला. मी कोपऱ्यात पदर सावरून उभी राहिले. आत्याबाई आत चुलीपाशी होत्या. पुरण नैवेद्यापुरतंच होतं, पण कट त्यांनी पातेलंभर काढून ठेवला होता, कारण त्या वर्षी आमच्या सणाचं खरं जेवण म्हणजे कटाची आमटीच होती.

"आजच्या या प्रसंगी," अध्यक्ष पूजेकडे पाहत म्हणाले, "मला सांगायला आनंद वाटतो, की परंपरा आणि आधुनिकता यांचा असा संगम मी क्वचितच पाहिला आहे. या बादल्या! यांनाही आपण देवत्व दिलंत." सदस्यांनी माना हलवल्या. अध्यक्षांना आणखी स्फूर्ती आली. ते अग्नीवर बोलले, श्रमावर बोलले, श्रमाच्या अग्नीवरही बोलले. मामंजींचा चेहरा हळूहळू सैल होत गेला. माल इथेच राहतो, असं त्या आवाजावरून वाटत होतं.

बोलता बोलता अध्यक्ष थांबले. त्यांनी डोळे मिटले, खोल श्वास घेतला.

"वा," ते म्हणाले. "धूपही किती सात्त्विक लावला आहे."

एका सदस्याने हात जोडले. मामंजींनीही सवयीने जोडले. पूजेच्या पाटामागून निळसर धुराची एक बारीक रेघ वर चढत होती, अगदी देवळात चढते तशी. मलाही क्षणभर प्रसन्नच वाटलं. मग मला आठवलं की या पडवीत धूप लावत नाहीत. मी मामंजींकडे पाहिलं. त्यांनाही तेच आठवलं होतं. त्यांचे जोडलेले हात तसेच राहिले होते.

"आत्याबाई!" मी ओरडले.

त्या दारात आल्या, हातात पुरणाचा झारा. त्यांनी एकदाच वास घेतला. "चिंध्या," एवढंच म्हणाल्या. त्याच वेळी घमेल्यावरच्या धोतराला जाळ लागला आणि बोळाच्या तोंडाशी भपकन उजेड झाला. ज्वाळा थप्पीच्या खालच्या फळीची टोकं चाटू लागल्या.

मामंजी बादलीकडे झेपावले आणि तिच्यापासून वीतभर अंतरावर त्यांचा हात थांबला. मी तो थांबलेला हात आजही पाहू शकते. तो भीतीने थांबला नव्हता. पन्नासेक खंडेनवम्या त्या हाताने पाळल्या होत्या, आणि हाताला विचार करायला वेळ लागतो.

आत्याबाईंना लागला नाही. "आई, माफ कर गं," असं देवीला सांगून त्यांनी पहिल्या बादलीची कडी धरली आणि हिसका दिला. बादली आली. तिच्यामागून बाकीच्या तिन्ही आल्या. त्यांच्यामागून वाकस आला, करवत आली, रंधे गडगडत आले, पटाश्या आल्या, झेंडू आला. सगळी पूजा एका सुतळीला धरून, मिरवणुकीसारखी, अध्यक्षांच्या पायांवर चालून गेली. अध्यक्षांनी धोतर वर धरून उडी मारली. दोन्ही सदस्य तोवर पाट्यापलीकडे रस्त्यावर पोचले होते आणि तिथून "वाळू टाका, वाळू टाका" असं मार्गदर्शन करत होते.

वाळू टाकली गेली. निम्मी आगीवर, निम्मी जमिनीवर. घमेलं दबलं. पण पेटलेल्या धोतराचा एक पदर बोळात ओढला गेला होता आणि थप्पीवर झाकायला टाकलेल्या गोणपाटाला आतल्या बाजूने जाळ लागला होता. तिथे पुढून वाळू पोचत नव्हती.

आत्याबाई बोळात शिरल्या. अंग न चोरता, सरळ. "सूनबाई, पानी आन!"

घरात पाणी होतं ते प्यायच्या कळशीत, तळाला. चुलीशेजारी मात्र पातेलं भरलेलं होतं. मी ते उचलून बोळाच्या तोंडाशी नेलं. आत्याबाईंनी आत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि एक रिकामं पोतं कटात बुचकळून काढलं. मग त्या पोत्याने त्यांनी भिंतीकडची आग झोडपायला सुरुवात केली. चर्रर्र आवाज होत होता आणि हरभऱ्याच्या डाळीचा, खमंग म्हणावा असा वास सुटला होता. उरलेला कट त्यांनी थप्पीच्या बुडाशी ओतला. एव्हाना मामंजींच्या हाताचा विचार करून झाला होता. त्यांनी पूजेतलं फावडं उचललं, त्याच्यावरचं कुंकू पुसलंही नाही, आणि जमिनीवर सांडलेली वाळू बोळात फेकू लागले.

मग धूर राहिला, आणि मग तोही गेला. अध्यक्ष आतच उभे होते. हे मी मुद्दाम सांगते, कारण त्यांच्याबद्दल मी इथवर फारसं चांगलं लिहिलेलं नाही. पळून जाण्याएवढा वेळ त्यांना मिळाला होता आणि ते गेले नव्हते. पूजेतला एक रंधा त्यांनी छातीशी धरला होता. पायाखाली येऊ नये म्हणून उचलला असावा.

"म्हणजे," ते शेवटी म्हणाले, "इथे आग लागू शकते."

मामंजी खाली पाहू लागले. मला वाटलं, संपलं. फळ्या आता नगरला जाणार.

आत्याबाई बोळाच्या दुसऱ्या टोकाने बाहेर आल्या. चेहरा काळा, केसांत डाळ. "लागू शकती न्हवं, लागली," त्या म्हणाल्या. "आन् इझली. लाकूड हाय तितं आग हाय, सायेब. नगरला बी हाय. पन तितं ह्यो बोळ आसंल का? या. चालून बघा."

"मी?"

"तर कोन? या की."

अध्यक्षसाहेब आत्याबाईंच्याच मापाचे होते. त्यांनी रंधा माझ्या हातात दिला, धोतर सावरलं आणि बोळात शिरले. एका बाजूला ओली, काळवंडलेली भिंत, दुसऱ्या बाजूला शाळेच्या फळ्या. त्यांना अंग चोरावं लागलं नाही. वाटेत थांबून त्यांनी फळ्यांवरून हात फिरवला. खालच्या एका फळीचं टोक जळालं होतं. बाकी सगळ्या शाबूत, डाळीचे चार शिंतोडे सोडल्यास स्वच्छ. पलीकडून बाहेर येईपर्यंत ते एक शब्दही बोलले नाहीत. त्यांच्या सार्वजनिक आयुष्यात असा काळ पुन्हा आला असेल असं वाटत नाही.

"माल इथेच राहू द्या," ते म्हणाले आणि चपला घालून निघून गेले. 'आजच्या या प्रसंगी' म्हणायला ते विसरले.

त्यानंतर मी पुरणाचा नैवेद्य दाखवला. मामंजी आणि आत्याबाई पडवीत जमिनीवर बसून झेंडूची फुलं वाळूतून वेचत होते.

"चिंध्या म्या गोळा केल्या," मामंजी म्हणाले.

"म्हाईत हाय."

"त्यांच्याम्होरं बोलली न्हाईस."

"जावा-जावांची भांडनं भाईर कशाला सांगायची?"

मामंजी हसले. मग त्यांनी एक मोठा सुस्कारा सोडला. तो शाळेची पाहणी ठरल्या दिवसापासून आत अडकून राहिलेला असावा.

दुसऱ्या दिवशी पूजा पुन्हा मांडली. सुतळी नव्हती, प्रत्येकाला एकेक फूल, तेही आदल्या दिवशीचं. मामंजींनी हत्यारांपुढे डोकं टेकलं आणि बराच वेळ वर उचललं नाही. काय बोलणं झालं ते त्यांचं त्यांना ठाऊक. उठल्यावर त्यांनी एक बादली पाटावरून काढली, तिचं कुंकू पुसलं आणि खुंटीला परत टांगली. "ही पूजंत न्हाई बसायची. हिला सुट्टी न्हाई." तेव्हापासून आमच्या घरी दर खंडेनवमीला एक बादली पूजेबाहेर असते. मी तिला मनात नास्तिक बादली म्हणते. घरातल्या सगळ्या देवांनी तिला सांभाळून घेतलं आहे.

बाकं झाली. त्या कामावर आम्ही ते वर्ष काढलं. मामंजींना खडी फोडायला जावं लागलं नाही आणि त्यांच्या रंध्याला कापायला सागवान मिळालं. जळक्या टोकाची फळी वापरून त्यांनी समितीसाठी एक टेबल केलं, काळी बाजू खाली. ते टेबल वरून पाहिलं तर निर्दोष आहे. मी जेव्हा जेव्हा सुखाने जेवते, आणि तसं मी बऱ्याचदा जेवते, तेव्हा मला त्या बोळाची आठवण येते, आणि तो बोळ रुंद ठेवणाऱ्या बाईची. 'काटकुळी सून' म्हणून मला गावात नावं ठेवली जात, तेव्हा आत्याबाई म्हणायच्या, "ऱ्हाऊ द्या तशीच, पन बोळ माझ्याच मापाचा ठिवायचा." तो तसाच आहे.

शाळेच्या उद्घाटनाला आम्ही सगळे गेलो. अध्यक्ष त्या टेबलामागे उभे राहिले आणि अग्नी हा माणसाचा पहिला गुरू आहे, इथून सुरू झाले. त्या नवमीला एका गरीब कारागिराच्या घरी जनतेची संपत्ती धोक्यात आली असता समितीच्या दूरदृष्टीने बसवलेल्या आधुनिक अग्निप्रतिबंधक साधनांनी ज्वाळांवर कशी मात केली, ते त्यांनी सविस्तर सांगितलं. टाळ्या झाल्या. माझ्या शेजारी बसलेल्या आत्याबाईंनी मला कोपर मारलं.

"काय म्हनत्यात?"

"बादल्यांनी आग विझवली म्हणतात."

"म्हनू द्या. बादल्या बी आपल्याच हायेत."

बादल्यांचा वाटा मी नाकारत नाही. घमेलं वाळूनेच दबलं. पण बोळातली आग विझली ती कटाच्या आमटीने. तिला फोडणी द्यायची राहिली होती आणि मीठ घातलेलं नव्हतं.